‘चार्ज’ या शब्दाचा भार

‘चार्ज’ हा इंग्रजी शब्द मराठी माणूस दिवसभरात कितीदा तरी उच्चारतो. मोबाइल चार्जिंगला लावतो, बँकेने कसले चार्जेस कापले याची चौकशी करतो, नव्या साहेबांनी चार्ज घेतला का असे विचारतो आणि अमुक प्रकरणात चार्जशीट दाखल झाल्याची बातमी वाचतो. बोलताना एकच शब्द चारही ठिकाणी बिनतक्रार चालतो. लिहायची वेळ आली, विशेषतः इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा असला, की प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द लागतो, आणि तो चुकला तर वाक्य नुसते ओबडधोबड होत नाही, त्याचा अर्थच बदलतो. अनुवादाच्या कामात मी या शब्दापाशी वारंवार थांबलो आहे आणि त्याच्या अर्थांचा हा पसारा कसा वाढला, हे नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

शब्दाचे मूळ पाहिले की बराचसा गुंता सुटतो. चाकांच्या गाडीला लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणत. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारिकारे’, म्हणजे गाडीवर माल लादणे, हे क्रियापद झाले आणि जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेने ते इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आले. कार, कॅरी, कार्गो ही त्याच घराण्यातली भावंडे आहेत. एखाद्याच्या चेहऱ्यावर अतिशयोक्ती लादणारे कॅरिकेचरही त्यांतलेच. म्हणजे ‘चार्ज’ या शब्दाच्या पोटात मुळात आहे ते ओझे. ते गाडीवर लादले जाई, पुढे ते तोफेत, माणसावर, जमिनीवर, तिजोरीवर आणि शेवटी धातूच्या पत्र्यावरही लादले जाऊ लागले. मराठीत हेच काम ‘भार’ हा शब्द करतो. कारभार, कार्यभार, पदभार, प्रभार, अधिभार, भारित हे सगळे शब्द त्याच्यापासूनच झालेले आहेत. म्हणून ‘चार्ज’ समोर आला की कोश उघडण्याआधी मी एक प्रश्न विचारतो: इथे कोणी, कोणावर, कसला भार ठेवला आहे?

पैशाच्या व्यवहारात हा प्रश्न सोपा आहे, पण मराठीची श्रीमंतीही इथेच दिसते. एखाद्या सेवेसाठी आधी जाहीर केलेली ठरावीक रक्कम म्हणजे शुल्क. वापर, क्षमता किंवा अंतर मोजून हिशेबाने काढलेली रक्कम म्हणजे आकार. विजेच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे शब्द असतात ते म्हणूनच. मूळ रकमेवर आणखी चढवलेला भार म्हणजे अधिभार. या सगळ्यांना मिळून ‘आकारणे’ हे एकच सुटसुटीत क्रियापद आहे. ‘चार्जेस अप्लाय’ या दोन शब्दांच्या सूचनेचे ‘शुल्क लागू आहेत’ असे भाषांतर पाहिले की मला वाईट वाटते, कारण ‘शुल्क आकारले जाईल’ हे वाक्य मराठीत आधीपासून तयार आहे. ‘फ्री ऑफ चार्ज’साठी ‘विनामूल्य’ आहेच. जमाखर्चात तर याहून नेमके प्रयोग आहेत: एखादी रक्कम एखाद्याच्या ‘नावे टाकतात’, झीज किंवा बुडीत येणे ‘खर्ची टाकतात’. इंग्रजी हिशेबनीस या सगळ्याला ‘चार्ज’ म्हणतो आणि भाषांतरकाराने तिथे ‘शुल्क’ लिहिले तर वाचणाऱ्या हिशेबनिसाला काहीच कळत नाही.

याच्या जवळच, पण बऱ्याच वजनदार अर्थाने, हा शब्द भारताच्या राज्यघटनेत आला आहे. अनुच्छेद 112 मध्ये काही खर्च भारताच्या एकत्रित निधीवर ‘चार्ज्ड’ आहे असे म्हटले आहे. राष्ट्रपतींचे वेतन आणि भत्ते, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, महालेखापरीक्षकांचे वेतन हे त्यात येते. अनुच्छेद 113 प्रमाणे या खर्चावर संसदेत चर्चा होऊ शकते, पण तो मतास टाकला जात नाही. अर्थसंकल्पाच्या मराठी कागदपत्रांत याला ‘भारित’ खर्च म्हणतात आणि मतदानाने मंजूर होणाऱ्या खर्चाला ‘दत्तमत’. ही जोडी मला फार आवडते. निधीवर हा भार घटनेने आधीच ठेवलेला आहे, तो दरवर्षीच्या मतदानाने उतरवता येत नाही आणि त्यामुळे न्यायाधीशाचे वेतन कोणाच्या मर्जीवर राहत नाही, ही सगळी व्यवस्था ‘भारित’ या तीन अक्षरांत मावली आहे.

जमिनीच्या कागदांवर मात्र शब्द बदलतो. तिथे चार्ज म्हणजे ‘बोजा’. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 100 मध्ये त्याची व्याख्या आहे: पक्षकारांच्या कृतीने किंवा कायद्याच्या अंमलाने एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याला द्यायच्या पैशासाठी तारण झाली, पण तो व्यवहार गहाणाच्या व्याख्येत बसत नसला, तर तो चार्ज. गहाणात मालमत्तेतला काही हितसंबंध धनकोकडे जातो. चार्जमध्ये तसा काहीही जात नाही, मालमत्तेवर नुसता भार बसतो. उदाहरणार्थ, पूर्ण किंमत मिळण्याआधीच मालकी खरेदीदाराकडे गेली, तर राहिलेल्या रकमेपुरता विक्रेत्याचा त्या मालमत्तेवर असा भार राहतो. गहाण आणि बोजा हे दोन्ही शब्द बोलण्यात सैलपणे एकमेकांच्या जागी येतात, पण कायद्याचा मजकूर अनुवादताना ते वेगळे ठेवलेच पाहिजेत. मराठीत बोजा ‘चढवतात’, तो ‘नोंदवतात’ आणि कर्ज फिटले की ‘उतरवतात’. गाडीवर माल चढवणे आणि उतरवणे हा जो मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ, तो इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनातून केव्हाच पुसला गेला. मराठी दप्तरात मात्र तीच क्रियापदे अजून रोज लिहिली जातात, आणि तीही कोणाचे भाषांतर म्हणून नव्हे.

फौजदारी कायद्यात हा शब्द सर्वांत जपून वापरावा लागतो, कारण इथे भार माणसावर आणि त्याच्या अब्रूवर ठेवला जातो. मराठीत ‘आरोप करणे’, ‘आरोप ठेवणे’ आणि ‘आरोप निश्चित करणे’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोप कोणीही कोणावरही करू शकतो. सभेत, पत्रकार परिषदेत, भांडणातसुद्धा. त्यासाठी इंग्रजीत ‘अ‍ॅलिगेशन’ हा शब्द आहे, ‘चार्ज’ सहसा नाही. भारतातल्या पद्धतीत तपास संपल्यावर पोलीस दंडाधिकाऱ्याकडे अहवाल पाठवतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173 खाली होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 खाली आहे. त्यात आरोपीविरुद्ध खटला चालवण्याजोगा पुरावा असल्याचे म्हटलेले असते, तेव्हा त्यालाच आपण चार्जशीट किंवा दोषारोपपत्र म्हणतो. परंतु औपचारिक ‘चार्ज’ त्या क्षणी तयार होत नाही. न्यायालय कागदपत्रे पाहते, दोन्ही बाजू ऐकते आणि खटला चालवण्यास पुरेसा आधार आहे असे वाटले तर आरोप निश्चित करते, तो आरोपीला वाचून आणि समजावून सांगते आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारते.

आता एखादी ब्रिटिश बातमी अनुवादायला घ्या. तिथे ‘अमुक व्यक्तीला चार्ज केले’ असे लिहिलेले असते तेव्हा ते काम सर्वसाधारणपणे पोलिसांनी किंवा सरकारी अभियोग यंत्रणेने केलेले असते आणि त्यानंतर ती व्यक्ती न्यायालयापुढे उभी राहते. तिथे ‘आरोप निश्चित झाले’ असे लिहिले तर न्यायाधीशाने काहीतरी ठरवले असे मराठी वाचकाला वाटते, जे घडलेलेच नसते. ‘आरोप केला’ असे लिहिले तर कोणीतरी नुसते बोलले, एवढाच अर्थ उरतो. अशा जागी ‘पोलिसांनी खुनाचा आरोप ठेवला’ हेच बरोबर. एका क्रियापदाच्या फरकाने माणूस संशयित आहे, खटल्याला सामोरा जाणार आहे की उभा राहिलेला आहे, हे ठरते. म्हणून बातमी लिहिणाऱ्यांनी इथे घाई करू नये, असे मला कळकळीने वाटते.

भार उतरवण्याचा शब्दही याच प्रकरणात येतो. आरोप निश्चित करण्याइतका आधार नाही असे न्यायालयाला वाटले तर आरोपीला ‘डिस्चार्ज’ मिळतो, म्हणजे तो आरोपमुक्त होतो. पूर्ण खटला चालून पुराव्याअंती सुटका झाली तर ती निर्दोष मुक्तता. पहिल्या प्रकारात भार बसण्याआधीच काढून घेतला, दुसऱ्यात तो शेवटपर्यंत वाहून मग उतरला. डिस्चार्जची बाकीची रूपे मराठीने आपापल्या ठिकाणी चोख बसवली आहेत: रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडतात, सैनिक सेवामुक्त होतो आणि धरणातून पाण्याचा विसर्ग होतो.

कार्यालयातला ‘चार्ज’ म्हणजे पदभार किंवा कार्यभार. तो स्वीकारतात, सोपवतात, आणि बातमीत थोडे रुबाबदार लिहायचे तर ‘सूत्रे हाती घेतात’. ‘इन-चार्ज’साठी ‘प्रभारी’ हा शब्द रूढ झाला आहे, पण त्यात एक छटा आहे जी इंग्रजीत असेलच असे नाही. प्रभारी मुख्याध्यापक म्हटले की कायम नेमणूक व्हायची आहे, तोवर हे काम पाहत आहेत, असे मराठी वाचक समजतो. त्यामुळे इंग्रजी मजकुरात कोणी कायमचाच विभागाचा ‘इन-चार्ज’ असेल तर त्याला ‘विभागप्रमुख’ किंवा ‘विभागाची जबाबदारी असलेले अधिकारी’ म्हणावे. याहून फसवी जोडी म्हणजे ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’. परिचारिका मुलाच्या ‘इन चार्ज’ असते, मूल परिचारिकेच्या ‘इन द चार्ज’ असते. फरक एवढ्याशा ‘द’चा, पण सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. मराठीत विभक्तीच हे काम करते: मुलाची जबाबदारी परिचारिकेकडे आहे, मूल परिचारिकेच्या देखरेखीखाली आहे. जुन्या धाटणीच्या इंग्रजीत दाईने सांभाळायच्या मुलांनाच तिचे ‘चार्जेस’ म्हणतात; तिथे ‘तिच्या हवाली केलेली मुले’ असे सरळ लिहावे.

लढाईतला चार्ज मराठीला परका नाही. घोडदळ शत्रूवर चाल करून जाते, मुसंडी मारते, तुटून पडते. एल्गार हा शब्दही मूळचा तिथलाच. पोलिसांच्या ‘लाठीचार्ज’ला लाठीमार आहे. डिवचलेला हत्ती ‘चार्ज’ करतो तेव्हा तो अंगावर धावून येतो.

तोफेत ठासायच्या दारूलाही इंग्रजीत चार्जच म्हणत आणि भरण्याचा हा अर्थ पुढे विजेकडे गेला. 1745-46 च्या सुमारास लेडन जार हे काचेचे पात्र तयार झाले, ज्यात स्थिर वीज साठवता येई. वीज हा एक प्रकारचा द्रव आहे अशी तेव्हाच्या अनेक अभ्यासकांची समजूत होती, म्हणून पात्र ‘भरले’ जाते ही भाषा स्वाभाविक ठरली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1747 च्या पत्रांत अधिक आणि उणे ही परिभाषा वापरली आणि अशी अनेक पात्रे जोडून केलेल्या संचाला त्यांनी तोफखान्यातला ‘बॅटरी’ हा शब्द दिला. आज आपण त्याला विद्युतप्रभार म्हणतो, धन आणि ऋण. इलेक्ट्रॉनवरचा प्रभार ऋण असतो आणि त्याचे मूल्य 1.602 गुणिले 10 चा उणे 19 वा घात इतके कूलोम असते. इथे ‘प्रभार’ हा शब्द अचूक आणि सुंदर आहे.

परंतु मोबाइलची बॅटरी ‘प्रभारित’ झाली असे लिहिणे मला पटत नाही. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवरचा एकूण विद्युतप्रभार रिकाम्या बॅटरीइतकाच, म्हणजे शून्यच असतो. चार्जिंग चालू असताना लिथियमचे आयन बॅटरीच्या आत धन टोकाकडून ऋण टोकाकडे जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या मार्गाने तिकडेच पोहोचतात, आणि साठते ती रासायनिक ऊर्जा. ‘प्रभारित’ म्हटल्याने शाळेत शिकलेल्या प्रभाराशी त्याची नाहक गल्लत होते. बोली मराठीने या बाबतीत केव्हाच निर्णय घेतला आहे: आपण फोन चार्जिंगला लावतो आणि ‘चार्जिंग किती आहे?’ असे विचारतो. इंग्रजीत ‘चार्जिंग’ ही क्रिया आहे, मराठीत ती उरलेल्या ऊर्जेचे नाव झाली. हा शब्द लेखनातही तसाच घ्यावा, त्याला संस्कृत पेहराव घालण्याची गरज नाही.

सर्वांत नाजूक काम मात्र ‘चार्ज्ड’ वातावरणाचे आहे. मराठीत ‘भारलेले वातावरण’ इतके सहज समोर येते की हात तिकडेच वळतो. भारणे या क्रियापदात मंत्राची छटा आहे. भारलेला माणूस मोहिनी पडल्यासारखा असतो आणि भारावलेला माणूस कृतज्ञ किंवा गहिवरलेला. रंगलेल्या मैफलीचे वर्णन असेल तर ‘भारलेले’ याहून चांगला शब्द सापडणार नाही. पण निकालाची वाट पाहणाऱ्या, एकमेकांकडे रोखून बघणाऱ्या दोन गटांच्या मधली हवा भारलेली नसते, ती तंग असते, आणि घोषणा सुरू झाल्या की तापते.