पंचविसाव्या पानानंतर

मंगळवारी सकाळी चहा उकळेपर्यंत मी एक यादी वाचते. हा नेम ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतच चालतो, आणि त्याची घरात जेवढी चेष्टा व्हायची तेवढी होऊन गेलेली असल्यामुळे आता कोणी काही विचारत नाही. यादी पंचवीस नावांची असते. अमेरिकेतल्या डिव्हिजन टू कॉलेज फुटबॉलमधले त्या आठवड्याचे सर्वोत्तम पंचवीस संघ कोणते, याविषयी तिथल्याच प्रशिक्षकांनी दिलेला तो कौल असतो. तिकडच्या फुटबॉल प्रशिक्षकांची संघटना तो सोमवारी जाहीर करते. तिथली दुपार कलते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होत आलेली असते, म्हणून माझ्या वाट्याला तो मंगळवारी येतो; दूरच्या नातेवाइकाच्या पत्रासारखा, थोडा शिळा.

या फुटबॉलला पाय क्वचितच लागतो. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे असते, आणि समोरच्याने तुम्हाला जमिनीवर पाडायचे असते. ज्या कॉलेज सामन्यांना लाखभर माणसे जमतात, ते सर्वांत वरच्या थराचे. १९७३ मध्ये तिथल्या कॉलेज क्रीडा संस्थेने, म्हणजे एनसीएएने, कॉलेजांचे तीन विभाग पाडले. पुढे बरीच वर्षे वरच्या विभागातल्या बड्या संघांना पंच्याऐंशी खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा होती, तेव्हा डिव्हिजन टूच्या वाट्याला छत्तीस शिष्यवृत्त्या होत्या, आणि त्याही तुकडे करून वाटायच्या. एखाद्याला अर्धी, एखाद्याला नुसता पुस्तकांचा खर्च. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नाही. माझी यादी या मधल्या थराची आहे. तिच्यातली गावे तिथल्या शेजारच्या राज्यातल्या माणसालाही नकाशात शोधावी लागतात.

मला ती शोधावी लागली नाहीत, निदान एक तरी, कारण २००५ च्या ऑगस्टमध्ये मी त्याच गावी शिकायला गेले होते. मिझुरी राज्याच्या वायव्य कोपऱ्यातले मेरीव्हिल हे दहा-अकरा हजार वस्तीचे गाव. चारही बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि मध्ये नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेट हे विद्यापीठ. मी ग्रंथालयाच्या काउंटरवर तासाच्या हिशेबाने काम करायचे. तिथल्या एक ज्येष्ठ बाई सोमवारी दुपारी संगणकावरून एक कागद छापून घ्यायच्या, पट्टी लावून एका नावाखाली हिरव्या शाईची रेघ ओढायच्या आणि तो कागद पुस्तके परत करण्याच्या खिडकीजवळ टाचणीने लावायच्या. पहिल्या आठवड्यात मला तो ग्रंथालयाचा काही नियम वाटला. दुसऱ्या आठवड्यात रेघ दोन ओळी खाली सरकली होती आणि बाई कोणाशी फारसे बोलत नव्हत्या, तेव्हा प्रकरण वेगळे असल्याचे लक्षात आले.

त्या यादीची रीत मला त्यांनीच समजावून सांगितली. वेगवेगळ्या कॉन्फरन्समधले, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांमधले, काही प्रशिक्षक मतदार असतात. शनिवारी सामने होतात, आणि त्यानंतर प्रत्येक जण आपल्या मते पहिला ते पंचविसावा अशी क्रमवारी लावून पाठवतो. पहिल्याला पंचवीस गुण, दुसऱ्याला चोवीस, असे उतरत उतरत पंचविसाव्याला एक. सगळ्यांची बेरीज झाली की यादी तयार. समजा मतदार तीस आहेत, तर सातशे पन्नास गुण मिळालेला संघ निर्विवाद पहिला. एकाने जरी त्याला दुसरा ठेवला, तर आकडा सातशे एकोणपन्नासवर येतो, आणि तो एक कोण, याची चर्चा त्या गावच्या न्हाव्याच्या दुकानात आठवडाभर पुरते.

आता यातली गंमत अशी की, ज्यांच्याविषयी मत द्यायचे ते संघ या मतदाराने बहुधा पाहिलेलेच नसतात. डिव्हिजन टूमध्ये दीडशेच्या वर संघ आहेत, पैसे बेताचे आहेत, प्रवास बसने होतो, म्हणून जो तो आपल्या आसपासच्यांशीच खेळतो. मिझुरीतल्या प्रशिक्षकाने जॉर्जियातल्या संघाविषयी मत द्यायचे, तेही रविवारी, ज्या दिवशी तो स्वतः पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पाहण्यात बुडालेला असतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे तर डोंगराचा नुसता गुणफलक हाती येतो. मग माणूस काय करील? गेल्या आठवड्याची यादी पुढे घेतो, जे जिंकले त्यांना आहेत तिथे ठेवतो, जे हरले त्यांना खाली ढकलतो. म्हणून ही यादी मला नेहमी पंगतीसारखी वाटते. पाने पंचवीसच मांडलेली, आणि वरचा कोणी उठल्याशिवाय खालच्याला सरकायला जागा नाही. हंगामाच्या सुरुवातीला हरणारा उठून पुन्हा येऊन बसू शकतो, नोव्हेंबरात हरणाऱ्याला मात्र पान परत मिळणे कठीण. आणि बसण्याचा पहिला क्रम तर एकही सामना झालेला नसताना, ऑगस्टमध्ये, गेल्या वर्षीच्या पुण्याईवर ठरलेला असतो.

प्रशिक्षक हीसुद्धा माणसेच असल्यामुळे आणखी एक बारीक हिशेब यात शिरत असावा, असे मला वाटते. ज्याच्याकडून आपण हरलो तो संघ थोर असलेलाच बरा. त्याला जरा वर ठेवले की आपला पराभवही जरा उंचावर जाऊन बसतो.

एकमेकांशी कधी न खेळलेल्यांची तुलना कशी करायची, हा प्रश्न या यादीहून जुना आहे, आणि त्याचे सर्वांत सुंदर उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजाच्या नावावर जमा आहे. कॉलेजाचे आणि गावाचे नाव स्लिपरी रॉक, म्हणजे निसरडा खडक. १९३६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पत्रकारांच्या मतांवरून देशातल्या संघांची साप्ताहिक क्रमवारी देणे सुरू केले, आणि त्या पहिल्याच वर्षी मिनेसोटाला अव्वल ठरवले. तेव्हा कोणा मिश्किलाने हिशेब मांडला. मिनेसोटाला नॉर्थवेस्टर्नने (हे माझे नॉर्थवेस्ट नव्हे) ६–० हरवले होते. नॉर्थवेस्टर्नला नोत्र दामने, नोत्र दामला पिटने म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठाने, पिटला ड्युकेनने ७–० आणि ड्युकेनला वेस्ट व्हर्जिनिया वेस्लियनने चक्क २–० हरवले होते. त्या वेस्लियनला वेस्टमिन्स्टरने हरवले होते, आणि वेस्टमिन्स्टरला हरवणारे कोण, तर स्लिपरी रॉक. म्हणजे देशात अव्वल स्लिपरी रॉकच. तर्कात कुठेही फट नाही, आणि तरीही निष्कर्षावर कोणाचा विश्वास बसत नाही, त्या कॉलेजातल्यांचासुद्धा. पण या विनोदाने ते नाव देशभर गेले. मिशिगन विद्यापीठाच्या अवाढव्य स्टेडियममध्ये स्लिपरी रॉकच्या सामन्याचा निकाल ध्वनिक्षेपकावरून सांगण्याची प्रथा पडली, आणि १९७९ च्या सप्टेंबरात तर त्यांचा शिपेन्सबर्गविरुद्धचा सामनाच तिथे भरवला गेला. ६१,१४३ माणसे आली. स्लिपरी रॉक ४५–१४ हरले.

ही साखळी मला बाईंनी काउंटरवरच्या चिठ्ठीच्या मागे बाण काढून दाखवली होती. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक मतदार रविवारी रात्री हेच करतो, फक्त त्याची साखळी आखूड असते.

स्पर्धेच्या दृष्टीने पाहिले तर या यादीला काडीचीही किंमत नाही, हे मला हंगाम संपता संपता कळले, आणि खरे सांगायचे तर फसवले गेल्यासारखे वाटले. एके काळी किंमत होती. १९५८ पासून वृत्तसंस्था छोट्या कॉलेजांची वेगळी क्रमवारी देत असत, आणि अंतिम सामना असा काही नसल्यामुळे यादीत शेवटी जो पहिला तोच विजेता मानला जाई. १९७३ मध्ये डिव्हिजन टूची बाद फेरी सुरू झाली, आणि पहिल्याच अंतिम सामन्यात लुइझियाना टेकने वेस्टर्न केंटकीला ३४–० हरवल्यापासून विजेता मैदानातच ठरू लागला. बाद फेरीत कोणाला घ्यायचे हेही प्रशिक्षकांचा कौल ठरवत नाही. त्यासाठी एनसीएएच्या समित्या असतात, त्यांच्या विभागवार क्रमवाऱ्या वेगळ्या असतात आणि त्यांचे निकषही वेगळे असतात. प्रशिक्षकांच्या यादीत दिमाखात बसलेला संघ समितीच्या दारात ताटकळतो, असेही होते. आपल्याकडे पत्रिकेत छत्तीस गुण जुळूनही लग्न मोडते, तशातली गत.

मग ती छापून टाचणीने लावायची कशासाठी? हा प्रश्न मी बाईंना विचारला नाही, कारण तोवर मीही सोमवारी दुपारी खिडकीजवळ रेंगाळू लागले होते. पण उत्तर त्या गावाच्या इतिहासात असावे. १९९४ मध्ये मेल चर्चमा हे प्रशिक्षक तिथे आले, आणि त्यांच्या पहिल्या हंगामात संघ अकराच्या अकरा सामने हरला. त्यानंतर चौथ्या वर्षी, १९९८ मध्ये, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला, आणि १९९९ मध्ये पुन्हा, कार्सन-न्यूमनविरुद्ध चार वेळा ओव्हरटाइम खेळून, ५८–५२. शून्यातून वर आलेल्या माणसाला आपले नाव छापलेले पाहायची हौस असते. एरवी मेरीव्हिलचे नाव राज्याच्या वर्तमानपत्रात केव्हा येणार? गारपीट झाली तर. यादीत ते दर आठवड्याला येत होते, आणि त्याच्या वर-खाली व्हाल्डोस्टा, बिग रॅपिड्स, ॲलनडेल असली तितकीच अनोळखी गावे होती. या यादीवरून मी अमेरिकेचा जो भूगोल शिकले, तो कोणत्याही पुस्तकात नव्हता. पिट्सबर्ग नावाचे एक गाव कॅन्ससमध्ये आहे आणि ते आपल्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचे एच लिहीत नाही. इंडियाना आणि कॅलिफोर्निया ही दोन गावे पेनसिल्व्हेनियात आहेत, दोन्हीकडे कॉलेजे आहेत, आणि दोन्ही संघ चांगले खेळायचे.

मी होते त्या दोन वर्षांत शेवट एकसारखाच झाला. २००५ चा अंतिम सामना मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेटने आमच्या नॉर्थवेस्टविरुद्ध २१–१७ जिंकला. २००६ मध्ये दोन्ही संघ एकही सामना न हरता पुन्हा समोरासमोर आले, आणि ग्रँड व्हॅलीने १७–१४ असा पुन्हा जिंकला. त्या सोमवारी बाईंनी कागद छापला नाही. मी परत आल्यानंतर २००७ आणि २००८ मध्येही नॉर्थवेस्ट अंतिम सामन्यातच हरले, म्हणजे लागोपाठ चार वर्षे, आणि २००९ मध्ये त्याच ग्रँड व्हॅलीला ३०–२३ हरवून जिंकले. तो निकाल मी इथे पहाटे पाहिला आणि कोणाला सांगावे ते सुचेना.

पण आता माझी नजर हिरव्या रेघेच्या जागेवरून उतरत उतरत यादीच्या पायथ्याशी येऊन थांबू लागली आहे. पंचविसाव्या नावाखाली एक परिच्छेद बारीक अक्षरांत असतो. त्यात, ज्यांना मते मिळाली पण पान मिळाले नाही, अशांची नावे आणि गुण स्वल्पविराम देऊन एका दमात लिहिलेले असतात. वरच्या नावांविषयी कुतूहल कसले? ग्रँड व्हॅली किंवा फेरिस स्टेट वर असणार हे सांगायला प्रशिक्षक कशाला हवेत. डिव्हिजन थ्रीमध्ये तर २००५ पासून २०११ पर्यंत सलग सात वर्षे अंतिम सामन्यात माउंट युनियन आणि विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर हेच दोघे होते. तिथल्या मतदाराने पहिली दोन नावे डोळे मिटून लिहिली असती तरी चालले असते. विचार करावा लागतो तो तळाशी आल्यावर. तेविसाव्या, चोविसाव्या जागेपर्यंत येता येता मतदाराची माहिती संपलेली असते, सगळे एकसारखे दिसू लागलेले असतात, आणि शेवटची रेघ अजून रिकामी असते. तिथे तो जे नाव लिहितो ते गुणफलक पाहून लिहिलेले नसावे. कधी काळी तिथे साहाय्यक म्हणून काढलेले दिवस असतील, किंवा पावसात चिखलाने माखूनही शेवटपर्यंत न हटलेली ती मुले आठवत असतील. त्या नावापुढे दुसऱ्या दिवशी एक हा आकडा येतो. देशभरातल्या एवढ्या प्रशिक्षकांपैकी एकाच माणसाला, एकाच रात्री, शेवटच्या ओळीवर तुमची आठवण झाली, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

गेल्या एका हंगामात अगदी शेवटच्या स्वल्पविरामानंतर मला असेच एक नाव दिसले. पुढे एक. कॉलेज कधी ऐकलेले नव्हते. नकाशात पाहिले तर गावाला एकच मोठा रस्ता होता आणि त्याच्या टोकाशी मैदान. हे मत कोणाचे, यावर मी दोन दिवस विचार केला, आणि ते त्यांच्याच प्रशिक्षकाचे तर नसेल, अशी एक वाईट शंकाही मनात येऊन गेली. पुढच्या मंगळवारी त्याच नावापुढे तीन होते. तीन म्हणजे तेविसावा क्रमांक देणारा एक, किंवा एकाने चोविसावा आणि दुसऱ्याने पंचविसावा दिलेला, किंवा पंचविसाव्या रेघेवर त्यांचेच नाव लिहिणारी तीन निरनिराळ्या गावांतली तीन माणसे. यादीवरून यातले खरे कोणते ते कळायला मार्ग नाही. मी तिसऱ्या शक्यतेच्या बाजूने आहे.