एका युनिटमध्ये किती लिटर? स्विमिंग पूलच्या पंपाची नोंदवही

जुना पंप काढून बदलत्या वेगाचा नवा बसवला, त्याला आता सहा आठवडे झाले. निवड करायला त्याच्या दुप्पट वेळ लागला, पण तो सगळा सत्कारणी लागला. म्हणून या वेळची नोंद जरा सविस्तर लिहितो. ज्यांना पंपाचं वीजबिल खुपतंय, त्यांनी नवा पंप बघायला जाण्याआधी ही वाचावी, अशी मनापासून विनंती.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो. पूल 8 मीटर बाय 4 मीटर, सरासरी खोली 1.4 मीटर, म्हणजे पाणी साधारण 45,000 लिटर. पाइप 50 मिलिमीटरचा. वाळूचा फिल्टर 600 मिलिमीटर व्यासाचा, त्यावर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (पाणी फिल्टरमधून, उलटं किंवा थेट बाहेर वळवणारा), आणि पुढे मिठाच्या पाण्यातून क्लोरीन तयार करणारा सेल. जुना पंप 1 हॉर्सपॉवरचा, एकाच वेगाचा, मिनिटाला 2,850 फेरे. रोज आठ तास चालायचा.

आधी जुन्याचं मोजमाप

पंपावरच्या पट्टीवर 0.75 किलोवॉट लिहिलेलं होतं. तो आकडा मोटार शाफ्टला किती शक्ती देते त्याचा. मीटरमधून वीज किती ओढते ते त्यावरून कळत नाही. म्हणून घरातलं बाकी सगळं बंद केलं आणि मीटरवरच्या लाल दिव्याचा आधार घेतला. माझ्या मीटरवर 3,200 ब्लिंकला एक युनिट असं छापलेलं आहे. मुलगी स्टूल टाकून मीटरसमोर बसली आणि मोठ्याने मोजू लागली, मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तिने ‘साठ’ म्हटलं तेव्हा 59 सेकंद झाले होते. म्हणजे 1,145 वॉट. आठ तासांचे 9 युनिटांहून थोडे जास्त, रोजचे.

प्रवाह मोजणं अवघड वाटत होतं, कारण फ्लोमीटर नाही. पण पूल हेच मापाचं भांडं आहे की! पृष्ठभाग 32 चौरस मीटर, तेव्हा पातळी 1 सेंटीमीटर उतरली की 320 लिटर गेले. भिंतीला पट्टी चिकटवली, आणि लाटांमुळे चुकायला नको म्हणून तिच्यापुढे खाली भोक पाडलेला पारदर्शक पाइप उभा बांधला. आतलं पाणी संथ राहतं, आकडा स्वच्छ वाचता येतो.

यात एक मेख आहे. पाणी बाहेर सोडायला मल्टिपोर्ट ‘वेस्ट’वर टाकावा लागतो, तिथे फिल्टर वाटेत येत नाही, अडथळा कमी होतो आणि प्रवाह नेहमीपेक्षा जास्त दिसतो. उपाय सापडला तो सक्शनच्या गेजमध्ये, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूच्या दाबमापकात. पंपाआधीचा पाइप, बास्केट (कचरा अडवणारी जाळी) आणि व्हॉल्व्ह जसेच्या तसे ठेवले, तर तिथली ओढ फक्त प्रवाहावर ठरते. फिल्टरवर चालताना गेज 0.2 बारची ओढ दाखवत होता. ‘वेस्ट’वर टाकल्यावर बाहेरच्या पाइपचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत गेजचा काटा पुन्हा 0.2 वर आणला. काटा तोच, तर प्रवाहही तोच. 3 सेंटीमीटर पाणी उतरायला 4 मिनिटं 7 सेकंद लागले. तासाला 14,000 लिटर.

आता भागाकार करा: एका युनिटमध्ये 12,200 लिटर. पंपाच्या बाबतीत मी सगळ्यांत जास्त जपलेला आकडा हाच.

हे आकडे व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यानंतरचे आहेत, तेही सांगायला हवं. पूलकडे परत जाणाऱ्या पाइपवरचा एक व्हॉल्व्ह कुणीतरी कधीकाळी अर्धा आवळून ठेवला होता, बहुधा पाण्याचा आवाज कमी व्हावा म्हणून. फिल्टरचा गेज तेव्हा 1.2 बार दाखवायचा. उघडल्यावर 0.9 वर आला. गंमत म्हणजे वीज कमी न होता वाढली, 1,080 वरून 1,145 वॉट. मी गोंधळलो होतो. पण सेंट्रिफ्यूगल पंपाचा, म्हणजे फिरत्या चाकाने पाणी फेकणाऱ्या पंपाचा, स्वभावच असा आहे: वाट मोकळी केली की तो जास्त पाणी फेकतो आणि त्यासाठी जास्त वीज ओढतो. आधी तासाला 11,500 लिटर येत होते, म्हणजे युनिटमागे 10,650 च. नुसते वॉट बघितले असते तर व्हॉल्व्ह पुन्हा आवळून बसलो असतो.

वेग कमी केला की काय होतं

मिनिटाचे फेरे निम्मे केले तर प्रवाह निम्मा होतो, दाब एक चतुर्थांश होतो आणि लागणारी शक्ती एक अष्टमांश. तेवढंच पाणी फिरवायला वेळ दुप्पट लागतो, तरी वीज चौपट कमी. कागदावर.

हा नियम पूलला इतका चपखल का बसतो, याचं उत्तर मला बरेच दिवस उमगत नव्हतं. वरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला उंचीशी झगडावं लागतं. त्याचा वेग फार उतरवला तर पाणी वर पोचतच नाही. पूलचं पाणी मात्र जिथून निघतं तिथेच परत येतं. चढ-उतार एकमेकांना फेडतात, उरतं ते फक्त घर्षण: पाइप, एल्बो (पाइपची वळणं), वाळू, व्हॉल्व्ह. आणि घर्षण प्रवाहाच्या साधारण वर्गाने वाढतं. माझ्या पाइपमधून तासाला 14,000 लिटर जाताना पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास 2 मीटर होतो, 7,000 ला 1 मीटर. जुना पंप 1,145 वॉट ओढून पाण्याला त्यातले 430 च्या आसपास देत होता, आणि ते 430 ही घर्षणातच जिरत होते.

निवड

एका विक्रेत्याने 1.5 हॉर्सपॉवरचा सुचवला. मोठा पंप काम लवकर उरकेल, कमी तास चालवा, असं त्याचं म्हणणं. वरचं वाचून झाल्यावर हे उलटं का आहे ते सांगायला नको. त्याच 50 मिलिमीटरच्या पाइपमधून आणखी जोरात पाणी रेटायचं म्हणजे घर्षणाला आणखी खाऊ घालायचं.

मग मन अर्ध्या हॉर्सपॉवरच्या लहान पंपाकडे वळलं होतं. तो बॅकवॉशमुळे, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टरची वाळू धुण्यामुळे, बाद झाला. वाळू नीट उसळून धुतली जायला फिल्टरच्या दर चौरस मीटरला तासाला 40 ते 50 घनमीटर पाणी लागतं. माझ्या फिल्टरचं क्षेत्रफळ 0.28 चौरस मीटर, म्हणजे तासाला निदान 12,000 लिटर हवेतच. आठवड्यातून पाच मिनिटं जोर हवा आणि बाकी वेळ नको, अशी ही गरज. दोन वेगांचा पंपही पाहिला, पण त्यातली इंडक्शन मोटार खालच्या वेगावर वीज बरीच वाया घालवते.

म्हणून बदलत्या वेगाचा, परमनंट मॅग्नेट मोटारीचा. त्यातही निवडताना हॉर्सपॉवर सोडून दिलं आणि प्रत्येक पंपाचा आलेख मागितला: माझ्या 7,000 लिटरला, माझ्या दाबाला, किती वॉट? काही पत्रकांत फक्त सर्वांत जास्त प्रवाह दिलेला असतो. ती सरळ बाजूला ठेवली. अमेरिकेत 19 जुलै 2021 पासून पूलच्या पंपांना जो नियम लागू झाला, त्याचं माप असंच आहे. त्याला वेटेड एनर्जी फॅक्टर म्हणतात, एका युनिटमागे किती हजार गॅलन. बदलत्या वेगाच्या पंपाला त्यात कमी वेगावरच्या आकड्याचं वजन 80 टक्के धरतात. लेबलवर 8 असेल तर युनिटमागे सुमारे 30,000 लिटर. दोन पंपांची तुलना करायला उत्तम. फक्त चाचणीतली पाइपलाइन ठरावीक असते, त्यामुळे आपल्या पूलवर आकडा वेगळा येणार हे धरून चालायचं.

बसवल्यानंतर

वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, पाण्याजवळ यात तडजोड नाही. पहिल्या दिवशी सक्शनचा गेज 0.2 वर येईपर्यंत वेग वाढवत नेला. तो 2,700 फेऱ्यांवर आला. म्हणजे जुन्याइतकंच पाणी, 870 वॉटमध्ये. मग 1,350 वर उतरवला. मुलगी पुन्हा मीटरसमोर. या वेळी दोन ब्लिंकच्या मध्ये इतका वेळ जात होता की ती वळून म्हणाली, “बाबा, बंद पडला का?” मी म्हटलं, “हात लावून बघ.” तिने पंपाच्या पाठीवर तळवा टेकला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि परत मोजायला गेली. 10 ब्लिंकना 78 सेकंद. 144 वॉट.

870 चा अष्टमांश 109 होतो, 144 नव्हे. फरक मोटार आणि ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेच्या) स्वतःच्या खर्चाचा. वेग उतरला तरी तो त्या प्रमाणात उतरत नाही. तरीही प्रवाह निम्मा धरून हिशोब युनिटमागे 48,600 लिटरवर गेला. त्या रात्री वहीत हा आकडा लिहून दोनदा अधोरेखित केला.

1,350 च का, तर सेलमुळे. 1,200 वर सेलचा फ्लो-स्विच (पाणी पुरेसं वाहतंय का ते पाहणारा) बंद होऊन दिवा लुकलुकायला लागला, क्लोरीन बनणं थांबलं. तुमच्याकडे सेल किंवा हीटर असेल तर तुमची तळरेषा तोच ठरवेल, पंप नव्हे.

सुरुवातीला रोज नऊ तास 1,350 वर आणि एक तास 2,700 वर ठेवला, वरचा पालापाचोळा स्किमरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडात, ओढला जावा म्हणून. रोजचे 2.17 युनिट. आधीच्या 9.16 समोर हे दणदणीत वाटतं, पण तुलना सरळ नाही: जुना रोज 1,12,000 लिटर फिरवत होता, नवा 77,000. तेवढंच पाणी जुन्याने 6.3 युनिटांत फिरवलं असतं. म्हणजे बचतीतला काही भाग वेगाचा आणि काही आधी गरजेपेक्षा जास्त फिरवत होतो त्याचा. पाणी आजही तळापर्यंत नितळ आहे.

मग लक्षात आलं की त्या एका तासालाच रोजच्या विजेतला 40 टक्के वाटा जातो. तिसऱ्या आठवड्यापासून तो तास 2,000 वर आणला. 375 वॉट. स्किमरच्या झडपेपाशी बसून पाहिलं, पानं तितकीच ओढीने आत जातात. आता रोजचे 1.67 युनिट.

फिल्टरचा गेज

कमी वेगावर एका गोष्टीत फसायला होतं, म्हणून ती वेगळी सांगतो. 1,350 वर फिल्टरचा गेज 0.22 बार दाखवतो. वाळू बरीच मळली तरी तो 0.3 च्या आसपास रेंगाळतो आणि आपण निर्धास्त राहतो. मी पहिल्या महिन्यात असाच राहिलो. परतीच्या पाण्याचा जोर हाताला कमी लागला तेव्हा कळलं. आता दर रविवारी पंप पाच मिनिटं 2,700 वर नेतो आणि दाब वहीत टिपतो. धुतलेल्या वाळूचा 0.9. तो 1.3 झाला की बॅकवॉश, तोही 2,700 वरच. या रविवारी 1.0 होता.

बास्केटच्या झाकणाखाली बारीक बुडबुडे दिसतात का, तेही याच वेळी बघतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर कमी वेगावर तो हवा नीट बाहेर काढू शकत नाही. सुरू होताना काही मिनिटं वेगाने चालण्याची सोय त्यासाठीच दिलेली असते, ती बंद करू नका.

पुढचं काम पंपाच्या तोंडाशी असलेल्या दोन काटकोनी एल्बोंचं. ते काढून पाइप निदान 25 सेंटीमीटर सरळ आत न्यायचा आहे. नवे युनियन (खोलता येणारे पाइपचे जोड) आणून ठेवलेत. जोडणी वाळली की 2,700 वर ओढ 0.2 वरून कुठे उतरते ते लिहितो.