आयपीएलच्या दिवसांत सिंहगड

25 मे 2025, रविवार

क्रिकेट सुटलं ते रागारागाने नाही. कुणी विचारलंच तर "फार पैसा शिरला हो, मजा गेली" असं म्हणून मी मोकळा होतो, कारण हे उत्तर सगळ्यांना पटतं. खरं तर पैशाचं मला काही वाटत नाही. लखनौने पंतला 27 कोटी दिले. देवोत बापडे, माझ्या खिशातून थोडेच जातायत?

याच महिन्यात आधी रोहितने आणि मग पाच दिवसांनी विराटने कसोटीला रामराम ठोकला. विराटची बातमी मला संध्याकाळी दूध आणायला गेल्यावर डेअरीवाल्याकडून कळली. हा तोच मी, ज्याने नोव्हेंबर 2013 मध्ये सचिनचं वानखेडेवरचं भाषण संपेपर्यंत घरात कुणाला तोंड उघडू दिलं नव्हतं. आईचा फोन आला होता, तोही कट केला होता.

पुणेकर म्हणून आयपीएलमध्ये जीव अडकायला मला टीम तरी कुठे राहिली? वॉरियर्स आले 2011 ला, गेले 2013 ला. मग दोन वर्षांच्या बोलीवर सुपरजायंट आले. 2016 मध्ये दुष्काळामुळे हायकोर्टाने मॅचेस राज्याबाहेर न्यायला लावल्या (बरोबरच होतं ते), आणि आमचं होम ग्राउंड गहुंज्यावरून थेट विशाखापट्टणमला गेलं. 2017 ला फायनल गाठली, 130 करायच्या होत्या, 128 वर अडकलो. एका रनने. त्यानंतर टीमच नाही. मुंबईला सपोर्ट कर, असं मित्र म्हणाले. पुण्याच्या माणसाला हे किती जड जातं, ते त्यांना माहीत नाही.

पण तेही खरं कारण नव्हे. गेल्या काही दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. मला क्रिकेटमध्ये आवडायचं ते बहुतेक खेळाच्या मधलं रिकामपण. 29 फेब्रुवारी 1996 ला मामाने मला स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर नेलं होतं. वर्ल्ड कप, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. सगळे आले होते लाराला बघायला. केनियाने 166 केल्या, त्या इतक्या रेंगाळत की मामा टोपी तोंडावर घेऊन चक्क झोपला. मी सीमारेषेवरच्या एका फिल्डरकडे बघत बसलो होतो. तो बुटाच्या टोकाने गवत उकरायचा, पुन्हा पायाने दाबून नीट करायचा. मग लारा 8 वर कीपरकडे कॅच देऊन गेला आणि वेस्ट इंडीज 93 त खलास. वर्ल्ड कपमधला केवढा मोठा धक्का तो! पण आज डोळ्यांसमोर येतो तो गवत उकरणारा फिल्डरच.

आता टीव्हीवर असा एक क्षण सापडणार नाही. ओव्हर संपली की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात, अडीच मिनिटांचा टाइमआउट तर बोलूनचालून जाहिरातींसाठीच. झोपायला मामाला जागाच ठेवलेली नाही.

आज पहाटेच्या पीएमटीने सिंहगड पायथ्याला उतरलो. पाऊस या वर्षी कायच्या काय लवकर आलाय. रोहिणी आज लागतंय आणि आतकरवाडीची वाट आत्ताच चिखलाने लाल झालीय. पहिल्या चढाला नेहमीप्रमाणे छातीचा भाता झाला. एका दगडाला टेकलो. शेजारच्या मातीत मृगाचा किडा चालला होता. मृग लागायला पंधरा दिवस अवकाश, पण त्याने काही पंचांग बघितलेलं नसणार. मखमलीचा लालभडक ठिपका, खाली आठ बारीक पाय. बोट आडवं धरलं तर पाय पोटाशी घेऊन गोळा झाला, मेल्यासारखा. मी बोट काढलं. बराच वेळ गेला. मग एक पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि स्वारी जिकडे निघाली होती तिकडेच पुन्हा निघाली. खालच्या झाडीत पावशा ओरडत होता, आणि मधूनच नवरंगाची दोन सुरांची शीळ यायची. तो दिसला नाही. कधीच दिसत नाही मला. रंगीबेरंगी असून असा कसा लपतो कोण जाणे.

वर धुकं इतकं की कल्याण दरवाजाशी पोचलो तरी कमान हात लावेपर्यंत दिसेना. तिथल्या एका मावशींकडे मडक्यातलं दही खाल्लं. त्या प्लास्टिकच्या कागदाला काठीने खालून ढोसून साचलेलं पाणी ओतून देत होत्या आणि मला दटावत होत्या, "दादा, बूट बदला, घसराल." बुटांच्या तळव्याची नक्षी खरंच झिजून सपाट झालीय. उतरताना दोनदा बसायला झालं.

गडावर सगळं असंच निवांत असतं असंही नाही. दहानंतर रविवारची जत्रा भरते. एका टोळक्याने खांद्यावर स्पीकर घेऊन अख्ख्या वाटेला गाणी ऐकवली. आणि ट्रेकिंगवाल्यांतही स्कोअरबोर्डवाले आहेतच: तुझे किल्ले किती झाले, कळसूबाई किती वेळात चढलास. एकाने उतरताना घड्याळ दाखवून माझा टाइम विचारला. दगडावर बसलेला वेळ धरायचा की नाही, असं मी विचारलं, तर तो हसून पुढे पळाला.

पुढच्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं ठरवलं होतं, पण पाऊस असाच राहिला तर काजव्यांचं काही खरं नाही. बायको म्हणते, नाहीतरी तिथे काजव्यांपेक्षा गाड्यांचे हेडलाइट जास्त. तिचं बरोबर आहे. तरी डबा करायला ती तयार आहे, म्हणजे जाणार.

आत्ता रात्री खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला म्हणून फोनवर बघितलं. हैदराबादच्या 278, क्लासेन 39 चेंडूंत 105 नाबाद. उद्या ऑफिसात चहाच्या वेळी एवढं पुरेल. समोरच्याने बोलर कोण होते विचारलं, तर चहा आणायला उठायचं.