अंगठीतला सेन्सर आणि बीजोत्सर्गाचा दिवस

स्मार्ट अंगठीतला सेन्सर रात्रभर बोटाच्या त्वचेचं तापमान टिपतो. बीजोत्सर्ग झाला, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडलं, की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. आधीच्या ६ दिवसांपेक्षा सलग ३ दिवस आकडा वर राहिला, तरच चढ खरा धरा. पण तोवर बीजाचं १२ ते २४ तासांचं आयुष्य सरलेलं असतं! दिवस राहावेत असं वाटत असेल, तर चढाची वाट पाहत बसू नका. त्याआधीचे पाच-सहा दिवसच मोलाचे. ते ओळखायला एलएच पट्टी (बीजोत्सर्गाआधी लघवीत वाढणारं एलएच संप्रेरक दाखवणारी) वापरा, योनीतला पारदर्शक, तार धरणारा स्राव पाहा. ताप, दारू, जागरण किंवा सैल अंगठीने आलेख बिघडतो. अशा रात्री वगळा. चढ १८ दिवस टिकला, तर गरोदरपणाची चाचणी करा.