बावखलातला गाळ

राखबुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, चर्चमध्ये कपाळाला राख लावताना फादर म्हणतात, माणसा तू माती आहेस आणि मातीला मिळशील. फ्लॅटमधल्या माणसाला हे धमकीसारखं वाटत असेल, पण वसईच्या वाडीवाल्याला नाही वाटत, कारण माती म्हणजे राजेळी केळी, पानवेल, भाजी, मोगरा, म्हणजेच पोरांच्या शाळेची फी.

आणि नेमकं याच सुमारास बावखलाचं पाणी उतरायला लागतं. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू मुरतं, आजूबाजूच्या विहिरी त्याच्यावर जगतात आणि एकीकडे समुद्र दुसरीकडे खाडी असूनही खारं पाणी आत घुसत नाही. ईस्टर उरकून ऊन तापलं, तळ दिसला की गाळ काढायचा. काळाकुट्ट, चिकट, वास तर विचारू नका, हाताला लागला की दोन दिवस साबणाला दाद देत नाही. तो घमेल्यात भरून केळीच्या बुंध्याशी टाकायचा. तळंही खोल झालं, केळीलाही खत मिळालं.

ईस्टरवरून आठवलं, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिला उठलेला येशू दिसतो आणि तिला वाटतं हा बागेचा माळीच आहे. प्रवचनात हे भरकन उरकतात. मला मात्र त्या आख्ख्या गोष्टीत हीच जागा सगळ्यात आवडते, मरणावर मात करून आलाय आणि दिसतोय कसा, तर वाडीवाल्यासारखा!

वसईच्या पाण्याजमिनीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले तेव्हा फादरांचं यात काय काम असं विचारणारेही होते म्हणे. मग एदेन बागेत आदामाचं काय काम होतं? मशागत आणि राखण, बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायात आहे, फार शोधावंही लागत नाही. पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे पर्यावरणावरचं पत्र आलं 2015 मध्ये, आमच्याकडे हे भांडण त्याच्या कितीतरी आधीचं.

तरीपण बावखलं बुजतायत. भरणी टाकली की प्लॉट तयार, भावाभावांत वाटण्या आहेत, भाव आलाय, शेतीत पोरं राहत नाहीत, सगळं खरं, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण आपल्याला स्वर्गात जायचंय म्हणून इथलं तळं बुजवायची सूट मिळते असं कुठल्याही धर्मशिक्षणात शिकवलेलं मला तरी आठवत नाही. ऑक्टोबरात आगेऱ्याला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चला न्यायच्या, आशीर्वाद घ्यायचा, आणि उद्या त्या लोंब्याच बाहेरून विकत आणायची वेळ आली तर फादरांनी आशीर्वाद द्यायचा कशाला, पावतीला?

असो. आमच्या आळीतलं कोपऱ्यावरचं बावखल या मे महिन्यात उपसायचं ठरलंय. ज्यांना गाळ हवाय त्यांनी येऊन न्या, गाळ फुकट, टेम्पो आणि घमेली तुमची.