तुम्ही विचारलंत म्हणून: ‘घोड्यांना औषधं टोचतात, तरी रेस खेळता?’

हा प्रश्न मला दोन प्रकारचे लोक विचारतात. पहिले, कधीच रेस न खेळणारे. त्यांच्या स्वरात थोडी कीव असते आणि थोडी दटावणी: ‘सगळी लबाडी असते तिथे, ठाऊक आहे ना, मग पैसे कशाला घालवता?’ दुसरे, नेहमी खेळणारे. ते तोच प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारतात: ‘अमक्या ट्रेनरकडे गेलेला घोडा महिन्याभरात सहा लेंथनी, म्हणजे सहा घोड्यांच्या लांबीएवढा, सुधारला कसा हो?’ आणि उत्तरासाठी न थांबता त्याच घोड्यावर पैसे लावून येतात.

मी दुसऱ्या गटातली, म्हणून उत्तरही त्यांच्याबद्दलच देते. घोड्यांची औषधचाचणी ढिली असली की खेळणारे चिडतात, आवाज उठवतात, पाठ फिरवतात असा बाहेरच्यांचा समज असतो. काही जण करतातही तसं. पण बहुतेक जण चिडत नाहीत, शिकतात. अंतर, वजन, जॉकी, ट्रॅकची स्थिती यांच्या ओळीत ‘तबेल्यात काय चालतं’ हा आणखी एक रकाना मनातल्या मनात वाढवतात.

पैसे कुठून कुठे जातात ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचं लागणार नाही. टोटवर, म्हणजे पैसे लावायच्या अधिकृत खिडकीवर, सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये, म्हणजे सामाईक गल्ल्यात, जमतात. त्यातून आयोजक आपला वाटा कापतात, अमेरिकेत साध्या विनच्या (घोडा पहिला येईल यावरच्या) पूलमधून तो साधारण १५ ते २० टक्के असतो, आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे मी खेळते ती त्याच पूलमधल्या इतर माणसांशी. औषधावर पळणारा घोडा जिंकला तर आयोजकांचं काहीच बिघडत नाही, त्यांचा वाटा आधीच कापलेला असतो. बुडतो तो फॉर्म, म्हणजे घोड्याची मागची कामगिरी, नीट वाचून दुसऱ्या घोड्यावर लावणारा. आणि गंमत अशी, की अमक्या तबेल्यात काहीतरी शिजतंय हे सगळ्यांना कळलं की त्या घोड्यांचे भाव, म्हणजे जिंकल्यावर रुपयामागे मिळणारे पैसे, पडतात. दहाने मिळायला हवा तो घोडा दोनवर येतो. मग लबाडाच्या मागून जाणाऱ्याच्या हातीही फार काही लागत नाही, आणि सरळ ट्रेनरचा घोडा उगाचच आउटसायडर, म्हणजे जिंकायची आशा नसलेला, ठरतो. चाचणी ढिली असल्याची किंमत अशी गुपचूप भावातून वसूल होते. पावती कुणालाच मिळत नाही.

नावानिशी बोलायचं तर अमेरिकेतला ट्रेनर जॉर्ज नवारो. २०१७ साली न्यू जर्सीतल्या मॉनमथ पार्कवर तो आणि एक घोडामालक शर्यत बघत जल्लोष करतानाची चित्रफीत पसरली. त्यात नवारोच्या ‘जूस’ची, म्हणजे घोड्यांना दिलेल्या औषधाची, उघड मस्करी चालली होती. स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, दोघांना प्रत्येकी ५,००० डॉलर दंड केला. घोडे पुढेही धावत राहिले, जिंकत राहिले. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल सरकारी वकिलांनी ट्रेनर, पशुवैद्य आणि औषधं पुरवणारे मिळून सत्तावीस जणांवर आरोप ठेवले. त्यात नवारो होता, आणि जेसन सर्व्हिस हा ट्रेनरही. सर्व्हिसच्या मॅक्सिमम सिक्युरिटी या घोड्याने त्याच्या आठवडाभर आधीच पहिला सौदी कप जिंकला होता. विजेत्याचे एक कोटी डॉलर आयोजकांनी रोखून धरले. दोघांनी पुढे गुन्हा कबूल केला. नवारोला २०२१ मध्ये पाच वर्षांची आणि सर्व्हिसला २०२३ मध्ये चार वर्षांची कैद झाली.

या प्रकरणात मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हे, की ते उघडकीला आलं फोन टॅप करून. शर्यतीनंतर घेतलेल्या लघवीच्या किंवा रक्ताच्या नमुन्याने नव्हे. नमुने वर्षानुवर्षं पास होत होते. चाचणीत सापडणार नाही अशा समजुतीनेच तर ती औषधं निवडलेली होती. टोटच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला जो संशय होता, तो प्रयोगशाळेच्या कागदावर कधी आलाच नाही.

नमुना घेतात कसा, हे फार कमी जणांनी पाहिलेलं असतं. जिंकलेला घोडा आणि स्टुअर्डनी निवडलेले आणखी एखाद-दोन घोडे थेट वेगळ्या तबेल्यात नेतात. कधी त्यात हरलेला फेव्हरिटही, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेले तो घोडाही, असतो. तिथे त्यांना फिरवत फिरवत थंड करतात. मग मोतद्दार हलक्या आवाजात शीळ घालत उभा राहतो, कारण शीळ ऐकली की लघवी करायची अशी बऱ्याच घोड्यांना सवय लावलेली असते. लांब दांड्याला लावलेलं भांडं घेऊन एक जण शेजारी ताटकळतो. घोडा लहरीत नसला तर बराच वेळ नुसती शीळच चालते. मिळालेल्या नमुन्याचे दोन भाग करून सील करतात. एक तपासायला, दुसरा वाद झाला तर फेरतपासणीला. ही शीळ चालू असतानाच इकडे टोटवर निकाल अधिकृत झालेला असतो आणि पैसे वाटूनही झालेले असतात.

अहवाल यायला दिवस, कधी आठवडे लागतात. १ मे २०२१ च्या केंटकी डर्बीत मेडिना स्पिरिट पहिला आला. त्याच्या रक्तात बीटामेथासोन सापडलं, मिलिलिटरला २१ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हे सांध्यांच्या सुजेवरचं औषध आहे, उपचारासाठी चालतं, शर्यतीच्या दिवशी अंगात चालत नाही. त्वचेच्या मलमातून गेलं, असं ट्रेनर बॉब बॅफर्टच्या बाजूने सांगण्यात आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये घोडा बाद ठरला आणि दुसरा आलेला मॅन्डलून विजेता झाला. बक्षिसाची रक्कम इकडून तिकडे गेली. मॅन्डलूनवर विन लावलेल्यांना मात्र छदामही मिळाला नाही, कारण पैशांचा हिशेब त्याच संध्याकाळी मिटला होता. त्यांच्यातले काही कोर्टात गेले, दावा फेटाळला गेला. १९६८ च्या डर्बीत डान्सर्स इमेज हा घोडा फेनिलब्युटाझोन या वेदनाशामकामुळे बाद झाला, तेव्हाही खिडकीवरचे पैसे होते तसेच राहिले होते. एवढ्या वर्षांत चाचणी कुठल्या कुठे गेली, खेळणाऱ्याची जागा तीच.

म्हणून ‘आमचे ९९ टक्क्यांहून जास्त नमुने स्वच्छ निघतात’ असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला ऐकायला जड जातं. जे शोधलं ते सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. डर्मॉर्फिनचं बघा. दक्षिण अमेरिकेतल्या एका बेडकाच्या त्वचेत सापडणारं, मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट जहाल वेदनाशामक. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने चाचणीत सुधारणा केली आणि बघता बघता वेगवेगळ्या राज्यांतले तीसहून जास्त घोडे त्यात सापडले. आदल्या महिन्यात हेच घोडे ‘स्वच्छ’ होते. ईपीओचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाचा, प्रकार आणखी अवघड. ते अंगातून लवकर निघून जातं, पण त्याने वाढवलेल्या तांबड्या पेशी आठवडेच्या आठवडे राहतात. शर्यतीच्या दिवशी नमुन्याच्या बाटलीत सापडणार काय? त्यासाठी तबेल्यावर अवचित जाऊन, शर्यत नसताना नमुने घ्यावे लागतात.

इंग्लंडमध्ये २०१३ साली तेच झालं. गोडॉल्फिन या बड्या रेसिंग संस्थेचा ट्रेनर महमूद अल झरूनी याच्या तबेल्यातल्या घोड्यांत अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड सापडली आणि त्याच्यावर आठ वर्षांची बंदी आली. त्याच तबेल्यातला एन्की नंतरच्या तपासणीत त्याच औषधात सापडला. हाच एन्की आदल्या वर्षी सेंट लेजर जिंकला होता, आणि १९७० च्या निजिन्स्कीनंतर पहिल्यांदाच ट्रिपल क्राउनच्या, म्हणजे तीन मोठ्या शर्यती जिंकण्याच्या, दारात पोचलेल्या कॅमेलॉट या घोड्याला त्याने हरवलं होतं. सेंट लेजरच्या दिवशीचा एन्कीचा नमुना स्वच्छ होता, निकाल कायम राहिला. कॅमेलॉटवर पैसे लावलेल्या माणसाने यातून काय समजायचं ते समजावं.

आता जरा उलटं बोलते. खेळणाऱ्यांना औषधाचाच राग असतो असं अजिबात नाही. अमेरिकेत शर्यतीच्या दिवशी लेसिक्स द्यायची मुभा बरीच वर्षं होती. फुफ्फुसातला रक्तस्राव आवरायला ते देतात, पण त्याने लघवीही खूप होते आणि घोड्याचं वजन उतरतं. रेसबुकात घोड्याच्या ओळीत ‘एल’ छापलेला असायचा, आणि पहिल्यांदाच लेसिक्सवर धावणारा घोडा हुडकून त्यावर लावणं ही तर सर्रास पद्धत होती. २००८ चा बिग ब्राउन हा घोडा घ्या. त्याला स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड देतो हे ट्रेनर रिक डट्रोने उघड सांगितलं होतं, तेव्हा ते कायदेशीर होतं. एप्रिलच्या मध्यानंतर दिलेलं नाही, हेही त्याने सांगितलं. घोड्याने मे महिन्यात डर्बी आणि प्रीकनेस या मोठ्या शर्यती जिंकल्या, जूनमध्ये बेलमॉन्टच्या शर्यतीला प्रचंड फेव्हरिट म्हणून उतरला आणि सगळ्यांच्या मागे राहिला. तो औषधाअभावी हरला असं मी म्हणणार नाही, घोडे हरायला शंभर कारणं असतात. पण माहिती सगळ्यांसमोर होती. जो तो आपापला हिशेब करून मोकळा. झाकलेलं औषध वेगळं, तिथे हिशेब फक्त आतल्या माणसाला जमतो.

घोडा पळू नये म्हणून दिलेल्या औषधाचं तर विचारूच नका. १९६१ च्या एप्सम डर्बीचा फेव्हरिट पिंटुरिशियो शर्यतीआधीच औषध घालून आजारी पाडला गेला, धावलाच नाही. आगाऊ लावलेले पैसे अशा वेळी परत मिळत नसतात.

या सगळ्याला वैतागून खेळणारे काय करतात? बरेच जण मुकाट्याने कमी खेळायला लागतात. अमेरिकेत २००३ साली शर्यतींवर सुमारे १५ अब्ज डॉलर लागले होते, २०२३ साली १२ अब्जांपेक्षा कमी. हा सगळा दोष औषधांचा नाही. कसिनो आले, इतर खेळांवरचं बेटिंग आलं. तिकडे हाँगकाँगमध्ये दोनच ट्रॅक, वर्षाला आठशेच्या आसपास शर्यती, आणि २०२१-२२ च्या हंगामात त्यांवर सुमारे १४० अब्ज हाँगकाँग डॉलर लागले, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्या ट्रॅकच्या बेरजेहून जास्त. तिथे धावणाऱ्या प्रत्येक घोड्याची शर्यतीआधी चाचणी होते. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की घोड्याला काय दुखलं, कधी लंगडला, याच्या नोंदी खेळणाऱ्यांना उघड वाचता येतात. जगभरातले आकडेमोड करणारे मोठे खेळाडू तिथे जाऊन बसलेत ते काही उगाच नाही.

आणखी एक जात आहे, तिचा मला मनापासून कंटाळा आहे. आपला घोडा हरला की दुसऱ्याला इंजेक्शन होतं, आपला जिंकला की आपला अभ्यास. या मंडळींना पॅरिसमधल्या २०२० च्या आर्क द ट्रायम्फ शर्यतीची आठवण करून द्यावीशी वाटते. खाद्यात झिल्पाटेरॉल हे गुरांच्या वाढीचं औषध मिसळलं गेल्याचं कळलं आणि आयरिश ट्रेनर एडन ओब्रायनने ऐन वेळी आपले घोडे मागे घेतले. बाटलीत काही सापडलं म्हणजे कुणी टोचलंच असेल असं नाही. तसंच, काही सापडलं नाही म्हणजे टोचलं नाही असंही नाही.

तर मी काय करते? तबेला बदलल्यावर घोडा पहिल्याच शर्यतीत झेपावला आणि भाव अजून चांगला असला तर लावते. भाव पडलेला असला तर ती शर्यत सोडून देते. त्या घोड्याच्या विरुद्ध मुद्दाम लावणं मी कधीच बंद केलंय, ते फार महाग पडतं. आणि अमेरिकेतल्या शर्यती बघताना तारीख पाहते. तिथे आधी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. २२ मे २०२३ पासून औषधांचे नियम बहुतेक ठिकाणी एका केंद्रीय यंत्रणेकडे गेले. त्याआधी ज्या ट्रेनरचा चारातला एक घोडा जिंकायचा आणि त्यानंतर आठातला एक जिंकतो, त्याच्या जुन्या आकड्यांकडे मी बघत नाही. ज्याचे आकडे आधी जसे होते तसेच नंतरही राहिले, त्याची वेगळी यादी ठेवलीय. ती लहान आहे, आणि तिच्यातल्या घोड्यांचे भाव अजून बरे मिळतात.