तुम्ही विचारलंत म्हणून: जेम्स टेलर ऐकायला कुठून सुरू करू?

मी जेम्स टेलरचं, म्हणजे त्या अमेरिकन गायक-गीतकाराचं, नाव काढलं की कोणीतरी विचारतंच, "अरे त्याचं सगळं सारखंच वाटतं, झोप येते, नक्की कुठला अल्बम आधी ऐकू?" बहुतेक जण 'स्वीट बेबी जेम्स' सांगतात, 1970 चा, आहेच भारी, पण मी 'जेटी' सांगतो, 1977 चा.

सुरुवातीच्या अल्बममध्ये एक दुखावलेला पोरगा आणि त्याची गिटार, आपलं सगळं लक्ष त्याच्या दुःखाकडे. 'जेटी'पर्यंत हा आठवा स्टुडिओ अल्बम झालेला, टेलर वॉर्नर ही रेकॉर्ड कंपनी सोडून नुकताच कोलंबिया या दुसऱ्या कंपनीकडे आलेला, आणि जुना प्रोड्युसर पीटर ॲशर, जो मधल्या अल्बमना नव्हता, तो परत आलेला. शिवाय डॅनी कॉर्चमार गिटारवर, लीलंड स्क्लार बेसवर, रस कंकेल ड्रम्सवर. हे लोक त्याच्यासोबत इतकं वाजवून बसलेत की कुणी कुणाच्या अंगावर जात नाही, म्हणूनच आपल्याला वाटतं काही घडतच नाहीये. घडतंय हो, फक्त आरडाओरडा नाही.

यातलं 'हँडी मॅन'च घ्या. मूळ गाणं जिमी जोन्सचं, 1960 च्या सुमाराला गाजलेलं, फास्ट, उंच आवाजात, तुटलेली मनं दुरुस्त करतो म्हणून फुशारक्या मारणारा गडी. टेलरने स्पीड पार खाली आणला, ड्रम्स अगदी मोजके, मागे लिया कंकेलचा आवाज, आणि त्याच शब्दांतली फुशारकी गेली, आता तो खरंच समजूत काढतोय असं वाटतं. बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, 4 नंबरला गेलं, ग्रॅमीपण मिळालं. दुसऱ्याचं गाणं गाऊन स्वतःचं करणं म्हणतात ते हे.

'युअर स्मायलिंग फेस' याच्या उलट, एकदम उड्या मारणारं, पट्टी वर वर चढत जाते आणि शेवटी बिचारा फॉल्सेटोत, म्हणजे पातळ चोरट्या आवाजात, पोचतो. त्यात शब्द विसरा आणि स्क्लारचा बेस ऐका, चांगल्या हेडफोनवर, मोबाईलच्या स्पीकरवर तो बेस गायब होतो आणि मग मला येऊन सांगता की मिळमिळीत आहे!

'बारटेंडर्स ब्लूज' कंट्री आहे, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाचं, गायिका लिंडा रॉनस्टॅडची साथ आहे, आणि नंतर कंट्रीतला दिग्गज गायक जॉर्ज जोन्सनेच ते गायलं, टेलरला हार्मनीला घेऊन. 'सीक्रेट ओ' लाइफ' तिशीच्या आत ऐकलंत तर भाबडं वाटेल कदाचित, गंमत म्हणजे तो स्वतः तेव्हा 29 चाच होता. 'ट्रॅफिक जॅम' दोन मिनिटांत संपतं, मुंबई-पुण्याच्या माणसाला वेगळं समजावायला नको.

'आय वॉज ओन्ली टेलिंग अ लाय'मध्ये तो रॉक करायला जातो, ते काही जमत नाही त्याला, मी स्किप करतो, तुम्हीपण करा.